पाहण्याचा अभ्यास : माढ्याची मूर्ती आणि कलास्वादाचा पहिला पाठ

सोलापूर जिल्ह्यातील माढा हे तालुक्याचे गाव माढेश्वरीचे मंदिर व भुईकोट किल्ला यांमुळे परिसरात परिचित आहे. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र या गावाचे नाव तेथील विठ्ठलमूर्तीमुळे ठाऊक झाले. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला व त्यास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. माढ्याच्या मूर्तीविषयी डॉ. ढेरे यांनी मांडलेल्या मतावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. एखादी कलाकृती कशी पाहावी, याचा वस्तुपाठ म्हणून त्याकडे पाहता येते.

घरबसल्या शिक्षणाची सोय

कलास्वादाचे शिक्षण पूर्वी मोठ्या शहरांतील कलाशाळा व संग्रहालये यांपुरतेच मर्यादित होते. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली स्थापन झाले. परंतु माढा, कुर्डुवाडी वा टेंभुर्णी येथील शिक्षकास तेथवर पोहोचणे सुलभ नव्हते. आज ही अडचण बरीच दूर झाली आहे. केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘स्वयं’ या ऑनलाइन शिक्षणव्यवस्थेत ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि शंकासमाधानाची चर्चा अशी चार अंगे असतात. अभ्यासक्रमास प्रवेश विनामूल्य असून प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. देशविदेशातील अनेक संग्रहालयांनी व विद्यापीठांनीही दृश्यकलेचे प्राथमिक अभ्यासक्रम अशाच रीतीने खुले केले आहेत. त्यांसाठी चित्रकलेचे पूर्वज्ञान लागत नाही. हाती कुंचला न धरलेल्या ग्रामसेवकालाही ते पूर्ण करता येतात.

चार पायऱ्या

अशा अभ्यासक्रमांतून बहुधा जी पद्धत शिकविली जाते, ती अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांनी रूढ केली. वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यमापन अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी ओलांडून एकदम चौथीवर उडी घेणे हा नवख्या प्रेक्षकाचा नेहमीचा दोष होय. चित्र समोर येताच तो ‘छान’ किंवा ‘काही कळत नाही’ असे म्हणून मोकळा होतो.

विठ्ठलमूर्तीचेच उदाहरण घ्यावे. वर्णनाच्या पायरीवर केवळ डोळ्यांना दिसते तेवढेच नोंदवावयाचे : मूर्ती उभी आहे, दोन्ही पाय जुळलेले आहेत, हात दोन असून ते कटीवर टेकलेले आहेत, मस्तकावर उंच मुकुट आहे. दुसऱ्या पायरीवर या घटकांचे परस्परसंबंध तपासावयाचे. पाय जुळलेले असल्याने मूर्तीला सरळ उभा तोल येतो. कोपर बाहेर वळल्याने दोन्ही बाजूंस सारख्या आकाराच्या दोन मोकळ्या जागा तयार होतात आणि मूर्ती स्थिर भासते. शस्त्र उगारलेले नाही, अंगात बाक नाही. विष्णूच्या चतुर्भुज मूर्तींशी तुलना केली की हा भेद अधिकच स्पष्ट होतो. ‘वाट पाहत उभा असलेला देव’ ही भक्तांची भावना या घडणीशी किती जुळते, याचा विचार तिसऱ्या पायरीवर येतो. मूल्यमापन सर्वांत शेवटी.

माढ्याचा धडा

डॉ. ढेरे यांच्या विवेचनात हाच क्रम आढळतो. माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर अक्षरे कोरलेली आहेत, हे झाले वर्णन. स्कंदपुराणाशी निगडित पांडुरंगमाहात्म्यातील मूर्तीच्या वर्णनाशी त्यांनी या मूर्तीची तुलना केली. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, पंढरपूरची मूर्ती माढ्यास हलविली गेल्याच्या परंपरेची जोड देऊन आद्य मूर्तीविषयीचे अनुमान त्यांनी शेवटी मांडले. ते अनुमान अनेकांनी अमान्य केले. परंतु मान्य करणारा असो वा अमान्य करणारा, प्रत्येकास पुन्हा मूर्तीकडेच वळावे लागले. छातीवर खरोखर काय कोरले आहे, हा प्रश्न मताने सुटत नाही. तो पाहूनच सोडवावा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ती अक्षरे रंगाच्या वा लेपाच्या जाड थराखाली गेली असती, तर अभ्यासाचा हा मार्गच बंद झाला असता.

गावचा ठेवा आणि पंचायत

हा धोका काल्पनिक नाही. महाराष्ट्रातील असंख्य गावांत मारुतीच्या पारावर वा वेशीबाहेर वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत. वीरगळाच्या खालच्या चौकटीत बहुधा लढाई व वीराचे मरण, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. कोपरात वाकलेला बांगड्यांसह हात हे सतीशिळेचे चिन्ह होय. ज्याला हे वाचता येत नाही, त्याच्या लेखी तो केवळ एक दगड असतो. मग जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यावर तैलरंग चढतो किंवा तो पायाच्या भरावात जातो. नुकसान श्रद्धेच्या अभावाने होत नाही. पुष्कळदा ते पाहण्याच्या सवयीच्या अभावाने होते.

कायद्यानेही या वस्तूंना संरक्षण दिले आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प हे पुरावशेष ठरते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार भूमीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. मंदिराचे नूतनीकरण योजण्यापूर्वी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

शाळेत करावयाचा पाठ

शिक्षकांस याकरिता स्वतंत्र तासिकेची आवश्यकता नाही. पाचदहा विद्यार्थ्यांना गावातील एका शिल्पासमोर न्यावे आणि फिलिप येनवाइन व अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी संग्रहालयशिक्षणासाठी सिद्ध केलेल्या पद्धतीतील तीन प्रश्न विचारावेत : येथे काय चालले आहे? असे तुम्हांला कशावरून वाटले? आणखी काय दिसते? यातील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो मताला पुराव्याशी बांधतो. उत्तर चुकले तरी शिक्षकाने लगेच सांगू नये. पुन्हा पाहावयास लावावे. त्यानंतर मुलांनी शिल्पाचे रेखाटन करावे, उंची व रुंदी मोजावी, छायाचित्र व दिनांक यांसह नोंद शाळेत ठेवावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. शिल्पावर पाणी, तेल वा खडू वापरू नये.

ऑनलाइन अभ्यासक्रमातून अजिंठ्याची भित्तिचित्रे, युरोपातील चित्रे अथवा पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची चित्रे पडद्यावर पाहता येतील. मात्र पडद्यावर दगडाचा पोत कळत नाही आणि कलाकृतीचा आकारही नीट उमगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वस्तूसमोर उभे राहावे लागते, आणि ती वस्तू बहुधा गावातच असते. एका शिक्षकाने हा अभ्यास पूर्ण केला आणि पंचायतीच्या एका सभेत ‘रंग लावण्यापूर्वी एकदा पाहू या’ एवढे जरी सांगितले, तरी त्याचे शिक्षण गावाच्या कामी आले असे म्हणता येईल.