ऐकीव वार्ता आणि साक्षीचा धर्म

शब्दाला प्रामाण्य कोठून येते, हा प्रश्न महानुभाव पंथात नवीन नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, त्या केवळ कानावर पडल्या म्हणून टिपल्या नाहीत. प्रसंग कोणी पाहिला, कोणी ऐकला, याचा शोध घेत ते जाणत्यांकडे गेले. श्रीनागदेवाचार्यांना विचारून लीळांची निश्चिती केली. पुढे पाठभेद आढळले, तेव्हा परंपरेने ते दडपले नाहीत; कोणाची 'वासना' कोणती, हे नावानिशी नोंदविले. सांगणाऱ्याचे नाव हेच वार्तेचे तारण होते.

मोबाइलने हे तारण काढून घेतले. मजकूर येतो, बोट लागते आणि तो क्षणात पन्नास घरी पोहोचतो. मूळ सांगणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. पाठविणारा म्हणतो, 'आला तसा पुढे पाठविला.' येथे शंका उत्पन्न होते : ज्याने वार्ता रचली नाही, त्याला तिचा दोष लागतो काय?

या शंकेचे उत्तर धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दिले आहे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा २०१८ साली व्हॉट्सॲपवरून पसरली होती. १ जुलै रोजी भिक्षेकरिता तेथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणारे हात न्यायालयासमोर आले. परंतु अफवा पुढे ढकलणाऱ्या असंख्य बोटांचा हिशोब कोणत्याही निकालपत्रात मावत नाही. तो ज्याचा त्यानेच मांडावयाचा असतो.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास भारतात मर्यादा घातली. हे बंधन उपयुक्त खरे. परंतु यंत्र संख्या मोजते, सत्य पारखीत नाही. असत्य एकासच सांगितले, तरी ते असत्यच राहते.

शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली आश्रयास आला, ही लीळा सर्वांस परिचित आहे. स्वामींनी ससा दिला नाही. आणि शिकाऱ्यांवर न रागावता त्यांच्या मनातील हिंसा निवविली. अहिंसेचे हे दुसरे अंग विसरले जाते. शस्त्र न उचलणे एवढ्याने अहिंसा पुरी होत नाही; दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणारा शब्दही आवरावा लागतो.

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यातील गावांना हा विचार विशेष लागू आहे. गळीत हंगामात तेथे दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे उतरतात. भिक्षुकही दारी येतात. त्यांचे चेहरे गावास अपरिचित, आणि मोबाइल मात्र प्रत्येकाच्या हाती. अशा ठिकाणी एक निनावी ओळ परक्या माणसाचा प्राण घेऊ शकते. अटन आणि भिक्षा हा ज्यांचा आचार, त्या साधकांना हे भय निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून उपदेशी गृहस्थाने वार्ता हाती येताच तीन प्रश्न करावे : हे कोणी पाहिले? सांगणारा आपले नाव देतो काय? हे खोटे ठरले, तर त्याचे फळ कोणास भोगावे लागेल? उत्तर न मिळाल्यास वार्ता आपल्यापाशीच थांबवावी. म्हाइंभटांनी एका लीळेसाठी जेवढे श्रम घेतले, त्याचा शतांश एका संदेशासाठी घेणे कोणासही अशक्य नाही.