शाळेचा कारभार आणि कोठी

शाळा चालविणे म्हणजे शिकविणे, असे आपण समजतो. परंतु चालकाची कसोटी बहुधा कोठीत लागते. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडाजवळील काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवीत. पैसा आटला तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडिले. केवढा हा त्याग! तथापि एकाच घरावर असा भार पडू नये. यरुशलेमेत रोजच्या वाटणीविषयी कुरकूर होताच प्रेषितांनी सात जण नेमविले (प्रेषितांची कृत्ये ६). सातारा-सांगलीकडील मंडळ्यांनीही वसतिगृहासाठी पंच नेमावे, कोठीतील शिल्लक दरमहा उपासनेनंतर वाचावी, आणि सुगीत घरोघरी पायलीभर ज्वारी मागावी.