नाचा, पण नाडी मोजून!

एरोबिक नृत्य म्हणजे वजन उतरवण्याचा उपाय, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या तरुणीही पहिला प्रश्न वजनाचाच विचारतात. परंतु या व्यायामाचा खरा लाभ हृदयाला होतो.

एरोबिक म्हणजे भरपूर प्राणवायू वापरून बराच वेळ करता येणारा व्यायाम. अमेरिकेतील डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ७२ ठोक्यांत ५ लिटर रक्त फिरवते. नियमित व्यायामाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकू लागते. मग तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात आणि रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते.

आपली झिम्मा-फुगडी हाही याच जातीचा व्यायाम! मात्र मंगळागौरीची एक रात्र जागवून वर्षभराची बेगमी होत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास नाचावे. पहिली व शेवटची पाच मिनिटे हालचाली संथ ठेवाव्यात.

जोर किती असावा? २२० मधून वय वजा करा. विशीतल्या मुलीचा आकडा येतो २००. नाचताना नाडी याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे १२० ते १५० असावी. मनगटावर दहा सेकंदांत २० ते २५ ठोके मोजले की झाले. बोलता येते पण गाता येत नाही, ही सोपी खूण.

आता महत्त्वाचे. एखादी मुलगी दोन मिनिटांतच धापा टाकू लागली, तर तिला आळशी म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल, तर हृदय आधीच धावत असते. लहानपणी सांधे सुजून आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप खराब झालेली असते, तेव्हाही पहिले लक्षण दम लागणे हेच असू शकते.

म्हणून वर्गाची फी भरण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी उपचार करा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर नाच तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी आजच कंबर कसावी!