जाळ्याचे शिसे : बंदी, विरोध आणि पर्याय

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्याशी नालाकृती वळण घेते, पहूरवरून पुढे जाते आणि अखेर तापीला मिळते. पहूर पेठ व पहूर कसबे या परिसराला, तसेच खालच्या अंगाला असलेल्या वाघूर धरणाच्या काठच्या गावांना, फेकजाळे घेऊन पाण्यात उतरणारा मासेमार अनोळखी नाही. हे जाळे हवेत गोल उघडते, पाण्यावर पडते आणि माशांना निसटण्यास अवधी मिळण्यापूर्वीच तळ गाठते. जाळ्याच्या काठाला ओवलेल्या वजनांमुळे हे शक्य होते. ही वजने बहुधा शिशाची असतात. गळाला लावलेली लहान गोळीही शिशाचीच असते.

हे शिसे वापरावे की नाही, हा प्रश्न परदेशात गेली चार दशके गाजत आहे. काही देशांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली, तर काही ठिकाणी बंदीचा प्रस्ताव मांडला गेला आणि पुढे सरकलाच नाही. या बंदीला मोठा विरोध झाला तो मासे धरणाऱ्यांकडूनच. हा विरोध अज्ञानापोटी होता, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. परंतु त्यांतील आक्षेप एकेक करून तपासले, तर गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या उपयोगी पडेल असा धडा त्यातून मिळतो.

शिसेच का?

शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक, म्हणजे ११.३४ आहे. त्यामुळे लहानशा गोळीतही भरपूर वजन मावते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही त्याचा रस करून साच्यात ओतता येतो. ते इतके मऊ असते की गोळी दोऱ्यावर बोटांनी किंवा चिमट्याने आवळता येते. ते गंजत नाही आणि भंगारातही मिळते. जड, स्वस्त, मऊ व टिकाऊ असे चारही गुण एकत्र असलेला दुसरा धातू सहज सापडत नाही. मासेमारांचा विरोध समजून घ्यायचा, तर ही गोष्ट प्रथम मान्य करावी लागते.

पक्ष्याच्या पोटातील गोळी

पक्ष्यांना दात नसतात. हंस, बदके यांसारखे पाणपक्षी बारीक खडे गिळतात आणि पोटातील पेषणी नावाच्या स्नायुमय पिशवीत त्या खड्यांच्या साहाय्याने अन्न दळतात. तळाशी पडलेली शिशाची गोळी आणि खडा यांत पक्ष्याला फरक कळत नाही. पेषणीत गोळी घासली जाते, पाचकरसातील आम्लात विरघळते आणि शिसे रक्तात मिसळते. पुढे स्नायू लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही आणि पोट भरलेले असूनही पक्षी उपासमारीने मरतो.

इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडमधील नद्यांवरचे हंस कमी होत असल्याचे १९७० नंतरच्या दशकात लक्षात आले. मेलेल्या हंसांच्या तपासणीत अनेकांच्या पोटात गळवाल्यांच्या शिशाच्या गोळ्या आढळल्या. तेथील निसर्गसंवर्धन परिषदेने १९८१ मध्ये अहवाल देऊन शिशाचा वापर क्रमाक्रमाने थांबविण्याची शिफारस केली. प्रारंभी भर होता तो गळवाल्यांच्या स्वेच्छेवर. शाही प्रदूषण आयोगानेही १९८३ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली. स्वेच्छेचा मार्ग अपुरा ठरल्यावर १९८६ मध्ये नियम करण्यात आले आणि १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळ्यांची आयात व विक्री बंद झाली.

या नियमातील दोन गोष्टी मुद्दाम लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, बंदी सरसकट नव्हती. पक्षी गिळणार नाही इतकी मोठी वजने आणि अगदी बारीक छर्रे त्यातून वगळले होते. दुसरी ही की, नियमाचा रोख प्रथम दुकानावर व आयातीवर होता, नदीकाठी बसलेल्या माणसावर नव्हता. गळवाल्यांची नाराजी होतीच. तथापि कथिल, टंगस्टन व इतर बिनविषारी पदार्थांची वजने बाजारात आली आणि पुढील वर्षांत हंसांची संख्या पुन्हा वाढली.

अमेरिकेतील विरोध

अमेरिकेत संघीय पर्यावरण संस्थेने १९९४ मध्ये शिशाच्या व जस्ताच्या लहान वजनांचे उत्पादन आणि विक्री थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला गळवाल्यांच्या संघटना, साहित्याचे उत्पादक आणि घरच्या घरी गोळ्या ओतणारे छोटे कारागीर यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : पक्ष्यांचे मृत्यू काही सरोवरांपुरतेच आहेत, त्यासाठी साऱ्या देशाला वेठीस का धरावे? पर्यायी धातू महाग आहेत. १९५० च्या कायद्यान्वये मासेमारीच्या साहित्यावरील कराचा पैसा मत्स्यसंवर्धनाला जातो, म्हणजे निसर्गासाठी आम्हीच खर्च करतो आणि दोषी मात्र आम्हीच ठरतो. शिवाय आज शिसे गेले, उद्या गळच जाईल, ही भीतीही होती. तो प्रस्ताव अंतिम नियमाच्या स्वरूपात आलाच नाही. २०१० मध्ये अशीच मागणी पुन्हा झाली आणि ती फेटाळली गेली.

काही राज्यांनी मात्र आपल्यापुरता निर्णय घेतला. न्यू हॅम्पशायर राज्यात लून नावाचा मासे खाणारा पाणपक्षी सरोवरांवर राहतो. तेथे २००० सालापासून लहान शिशाच्या वजनांच्या वापरावर बंदी आली आणि नंतर ती अधिक कडक झाली. तेथे सापडलेल्या मृत प्रौढ लूनपैकी जवळपास निम्मे शिशाने मेल्याचे दीर्घकालीन अभ्यासात दिसून आले होते. पक्षिसंरक्षक संस्था व दुकानदार यांनी गळवाल्यांकडून जुने शिसे परत घेण्याची सोयही केली. प्रश्न स्थानिक होता, पुरावा स्थानिक होता आणि पर्याय हाती दिला गेला. देशव्यापी प्रस्ताव अडला असताना राज्याचा नियम टिकून राहिला, यामागे ही कारणे असावीत.

कॅनडाने १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांपुरती बंदी केली. डेन्मार्कने २००२ मध्ये शिशाच्या वजनांची आयात व विक्री थांबविली. युरोपीय रसायन संस्थेने २०२१ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. त्यावरही गळवाल्यांचे आक्षेप जवळजवळ तेच होते.

आक्षेपाचे वजन करून पाहू

‘शिशासारखे दुसरे काही बुडत नाही’ हा मासेमारांचा मुख्य आक्षेप आहे. तो शाळेतील एका बादलीत तपासता येतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी भरते. हवेत १ किलो भरणारे शिसे पाण्यात सुमारे ९१० ग्रॅम भरते, लोखंड ८७० ग्रॅम, तर कथिल ८६० ग्रॅम. भाजलेल्या मातीच्या गुंड्यांची घनता २ धरली, तर त्या मात्र निम्म्याच, म्हणजे ५०० ग्रॅम भरतात. शिक्षकांनी ताणकाट्याला लोखंडाचा तुकडा व मातीची गुंडी आळीपाळीने टांगून हा प्रयोग करावा. शिसे मुलांच्या हाती देऊ नये. त्याचा आकडा फळ्यावर लिहिला तरी पुरे.

यातून दोन्ही पक्षांचे म्हणणे कोठवर खरे आहे ते कळते. मातीच्या गुंड्यांनी शिशाचे काम होत नाही, ही मासेमाराची तक्रार रास्त आहे. पण लोखंड हलके पडते, ही समजूत फारशी टिकत नाही. पाण्यातील फरक किलोमागे ४० ग्रॅमच्या आसपास आहे. खरी अडचण निराळी आहे. तेवढ्याच वजनाचे लोखंड शिशाच्या सुमारे दीडपट जागा घेते, त्यामुळे जाळ्याचा काठ जाड होतो. शिवाय लोखंड गंजते आणि खरबरीत गंजाने नायलॉनचा धागा घासला जातो. टंगस्टनची घनता १९.३ आहे, परंतु त्याची किंमत लहान मासेमाराच्या आवाक्यातील नाही. तेव्हा चर्चा करायची ती गंज, जाडी आणि किंमत यांवर. विरोध मोडून काढण्यापेक्षा त्याचे नेमके कारण शोधल्यास पर्यायाची दिशा सापडते.

चुलीवरचे शिसे

आपल्या दृष्टीने याहून निकडीचा प्रश्न घरातला आहे. जाळ्यासाठी शिसे घरीच वितळविले जात असेल, तर पहिला धोका पक्ष्याला नसून घरातील मुलांना आहे. वितळलेल्या शिशावर मळी साचते, तिची भुकटी अंगणात पसरते आणि भांडी, कपडे व बोटे यांमार्गे पोटात जाते. रांगणाऱ्या मुलाला हा धोका सर्वांत अधिक. शिशामुळे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान भरून येत नाही. शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर स्त्रीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते. गळाची गोळी दाताने आवळण्याची सवयही याच कारणाने घातक आहे.

भारताने शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद केले. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावयास हव्यात. हवेतून व भिंतीवरून हटविलेले शिसे जुन्या बॅटरीच्या वाटेने स्वयंपाकघरात येऊ नये, एवढी दक्षता गावाला घेता येण्यासारखी आहे.

आपल्या किनाऱ्याचा दाखला

मासेमारीवरील निर्बंध आणि त्यांना होणारा विरोध महाराष्ट्राला नवा नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तेव्हा पारंपरिक मच्छिमारांनी निर्बंधांची बाजू घेतली आणि पर्ससीन नौकांच्या मालकांनी विरोध केला. ‘मच्छिमारांचा विरोध’ असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात कोणाचे पोट कशावर अवलंबून आहे, हे वेगवेगळे पाहावे लागते. परदेशातील गळवाला बहुधा हौसेखातर मासे धरतो. तापी-वाघूरकाठच्या मासेमाराची मात्र त्यावर चूल पेटते. त्यामुळे तेथील नियम जसाच्या तसा येथे आणणे न्याय्य होणार नाही.

गावाला काय करता येईल?

बंदीची वाट न पाहता काही गोष्टी आजच करता येतात. शिसे राहत्या घरात वितळवू नये, हे ग्रामसभेत समजावून द्यावे. जुन्या जाळ्यांचे शिसे लगेच काढावयास सांगू नये. नवे जाळे विणताना मात्र लोखंडी कड्यांचा वा साखळीचा प्रयोग करून पाहावा. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी असे एखादे जाळे एक हंगाम वापरून गंज व धाग्याची झीज यांची नोंद ठेवावी. ही नोंद मासेमारानेच केलेली असावी, कारण शेजाऱ्याच्या जाळ्यावर माणसाचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा परिपत्रकावर बसत नाही. खडकात अडकून तुटलेल्या जाळ्याची वजने शक्य तेव्हा गोळा करावीत. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर चक्रवाक व इतर बदके दूरदेशाहून उतरतात, त्या पाणथळीजवळ ही काळजी अधिक हवी.

इंग्लंडमध्ये हंस वाचले, कारण नियमाबरोबर दुकानात दुसरी गोळी मिळू लागली. अमेरिकेत देशव्यापी प्रस्ताव अडला, कारण अनेकांना त्यात केवळ हिरावून घेणे दिसले. मासेमाराच्या हातातील शिसे काढून घ्यायचे असेल, तर त्याच हातात आधी दुसरे वजन द्यावे लागेल. ते त्याच्या जाळ्याला पेलले पाहिजे आणि त्याच्या खिशालाही परवडले पाहिजे.