सही करण्याआधी

जामखेडची मुले सुपा, रांजणगाव, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत लागतात ती बहुतेक ठेकेदारामार्फत, आणि मागणी घटली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. ऑगस्ट 2019 मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली. त्याच वर्षी सुमारे एक लाख तात्पुरत्या कामगारांचे काम गेल्याचे सुटे भाग उत्पादकांच्या ‘अ‍ॅक्मा’ या संघटनेनेच सांगितले. मंदी कामगाराच्या हातात नसते. आपल्याला काढले की आपण सोडले, हे कागदावर काय येते, ते मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते.

कपातीच्या वेळी पुढे सरकवला जातो तो छापील कागद: ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे’. तारीख कोरी, खाली सहीपुरती जागा. सही झाली की कायद्याच्या लेखी ती कपात ठरवणे फार अवघड जाते. एरवी बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराला काढताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या कायद्यात हे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तीन वर्षे झालेल्याचे नोटिशीसह अडीच महिन्यांचे पैसे होतात. जामखेडच्या घरात ही रक्कम लहान नाही. 240 दिवसांत भरपगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितले आहे. तेव्हा ‘तुझे दिवस भरत नाहीत’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. मुदतीच्या करारावर असलेल्यांनी मात्र सावध राहावे, कारण मुदत संपून काम गेले तर ती कपात धरत नाहीत.

सही नाकारली तर हिशेब अडकवतील, ठेकेदार पुन्हा बोलावणार नाही, ही भीती खरी आहे. पण पीएफ कामगाराच्या नावावर असतो आणि केलेल्या कामाचा पगार काम सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. राजीनामा ही त्याची अट नाही. ऑर्डरच नसतील तर मालकाने काय करावे, असेही कुणी विचारील. त्याने माणसे कमी करावीत, कायदा सरसकट अडवत नाही. फक्त त्याची किंमत द्यावी. पगाराच्या चिठ्ठ्या आणि गेटपासचे फोटो आधीच घरी पाठवून ठेवावेत. वाद न्यायाधिकरणापुढे न्यायचा तर काढल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यावा लागतो. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी संधी द्यावी लागते. राजीनामा दिलेल्याला तो हक्क नाही.