घटक ४ : लघुगणकीय मापनश्रेणी आणि भूकंपाचे मोजमाप

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• लघुगणकीय मापनश्रेणीचे तत्त्व स्पष्ट करणे.
• भूकंपाची महत्ता आणि तीव्रता यांतील भेद सांगणे.
• भूकंपविषयक वृत्तातील आकड्यांचा अर्थ लावणे व असे वृत्त अचूक शब्दांत लिहिणे.

४.२ प्रास्ताविक

किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपाची नोंद ६.२ अशी आहे, तर कच्छमधील २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची नोंद ७.७ अशी आहे. हे आकडे वाचताना दुसरा भूकंप पहिल्यापेक्षा ‘थोडा मोठा’ होता, असा आपला समज होतो. वस्तुतः कच्छच्या भूकंपात मुक्त झालेली ऊर्जा किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट होती. आकडा खरा, पण त्यातून होणारा समज चुकीचा, असे का घडते? याचे उत्तर मापनश्रेणीच्या रचनेत आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बेरजेची पायरी आणि गुणाकाराची पायरी

मोजपट्टीवर दर सेंटिमीटरला तेवढीच लांबी वाढते. ही बेरजेची पायरी होय. आता एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष ही आपली परिचित मालिका आठवा. येथे प्रत्येक शब्द आधीच्या दहापट संख्या दाखवतो. ही गुणाकाराची पायरी होय. शंभरात दोन शून्ये, सहस्रात तीन, लक्षात पाच. दहा या पायावर शंभराचा लघुगणक २, सहस्राचा ३ आणि लक्षाचा ५ असतो. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी लघुगणकांची कल्पना १६१४ साली प्रसिद्ध केली, ती क्लिष्ट गुणाकार सुलभ व्हावेत म्हणून.

निसर्गातील घटनांचा पल्ला फार मोठा असतो. २ महत्तेच्या धक्क्याची लाट कागदावर १ मिलिमीटर उंचीची काढली, तर त्याच प्रमाणात ८ महत्तेच्या भूकंपाची लाट १ किलोमीटर उंच काढावी लागेल. लघुगणकीय श्रेणीत हाच पल्ला सहा पायऱ्यांत मावतो.

४.३.२ रिश्टर यांची श्रेणी

अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांनी बेनो गुटेनबर्ग यांच्या सहकार्याने १९३५ साली कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी ही श्रेणी मांडली. ताऱ्यांच्या तेजस्वितेची ‘प्रत’ ठरवण्याची खगोलशास्त्रातील रीत त्यांच्यासमोर होती. भूकंपाच्या अपिकेंद्रापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या ठरावीक भूकंपमापकाने १ मिलिमीटर उंचीची लाट नोंदवली, तर महत्ता ३ मानावी. लाट १ सेंटिमीटर असेल, तर ४. या श्रेणीतील शून्य म्हणजे ‘भूकंप नाही’ असे नव्हे. ती केवळ मोजणीची सुरुवात आहे, आणि अतिसूक्ष्म धक्क्यांची महत्ता ऋणही असू शकते.

एक पायरी वाढली की लाटेची उंची दहापट होते, परंतु ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोन पायऱ्यांना ऊर्जा हजारपट होते. केवळ ०.२ चा फरकही ऊर्जा दुप्पट करतो. म्हणून अशा आकड्यांची सरळ बेरीज करता येत नाही. ‘लहान धक्के बसून जोर ओसरतो, मग मोठा भूकंप होत नाही’ अशी समजूत अनेकदा ऐकू येते. ६ महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यासाठी ३ महत्तेचे सुमारे ३२ हजार धक्के बसावे लागतील. त्यामुळे या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

मोठ्या भूकंपांसाठी मूळ रिश्टर श्रेणी अपुरी पडते. म्हणून थॉमस हँक्स व हिरू कानामोरी यांनी १९७९ साली मांडलेली ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ श्रेणी आता वापरली जाते. तीही लघुगणकीयच आहे. ‘६.२ रिश्टर स्केल’ ही शब्दयोजनाही सदोष आहे. स्केल म्हणजे श्रेणी, एकक नव्हे. ‘पाच तराजू साखर’ असे आपण म्हणत नाही.

४.३.३ महत्ता आणि तीव्रता

भूकंपाच्या मूळ बळाचा आकडा म्हणजे महत्ता. तो एका भूकंपाला एकच असतो. एखाद्या ठिकाणी जाणवलेला परिणाम म्हणजे तीव्रता. ती गावागणिक बदलते. मर्काली श्रेणीत तीव्रता १२ पायऱ्यांत, रोमन अंकांनी दाखवतात. मराठी वृत्तांत दोन्हींसाठी ‘तीव्रता’ हा एकच शब्द योजला जातो आणि अर्थाचा घोटाळा होतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची महत्ता ६.३, म्हणजे किल्लारीच्या जवळपास होती. कोयनेत सुमारे १८० जण दगावले, तर किल्लारी परिसरात सुमारे १० हजार. किल्लारीचा भूकंप उथळ होता, वेळ पहाटे चारच्या सुमाराची होती आणि दगडमातीच्या जाड भिंतींच्या, जड छपरांच्या घरांत माणसे झोपलेली होती. महत्तेचा आकडा यांपैकी काहीच सांगत नाही.

४.३.४ इतर लघुगणकीय श्रेणी

ध्वनीच्या डेसिबल श्रेणीत १० ची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. सामू श्रेणीत ६ ऐवजी ५ आल्यास आम्लता दहापट वाढते; येथे क्रम उलटा आहे. ताऱ्यांच्या प्रतींतही क्रम उलटाच असून पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट फरक होय.

४.४ सारांश

लघुगणकीय श्रेणीत समान अंतर म्हणजे समान पट. अशा श्रेणीतील आकडा वाचताना ‘कितीने जास्त’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती पट’ असे विचारावे. महत्ता भूकंपाचे बळ सांगते. हानीची कारणे मात्र खोली, जमीन, वेळ आणि घरांची बांधणी यांतही शोधावी लागतात.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ५ आणि ७ महत्तेच्या भूकंपांतील ऊर्जेचे प्रमाण किती?
२. ‘पुण्यात भूकंपाची महत्ता कमी होती, साताऱ्यात जास्त होती’ या वाक्यातील चूक दाखवून ते शुद्ध करा.
३. आपल्या परिसरातील घरांची बांधणी पाहा. भूकंपाच्या दृष्टीने तिच्यातील दोन उणिवा पाच ओळींत लिहा.