पंपावरील विजेची नोंद ठेवणारे उपकरण

पीक ऐन फुलोऱ्यात असताना विहिरीवरील मोटार जळली म्हणजे नुसता वायंडिंगचा खर्च होत नाही. पाण्याची पाळीही चुकते. मोटार का जळली, हे मात्र बहुधा अंदाजानेच सांगितले जाते. विजेच्या दाबाची व प्रवाहाची नोंद वेळेसह राहिल्यास खरे कारण शोधता येते. ही नोंद इंटरनेटद्वारे घरबसल्या मोबाईलवर दाखविणारे उपकरण गावातही बनविता येते.

काय मोजावे : प्रत्येक फेज व न्यूट्रल यांमधील दाब 230 व्होल्टच्या आसपास असावा. मोटारीचे फिरविण्याचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब 20 टक्के उतरल्यास ते बल 64 टक्केच उरते. मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते. तीन फेजांतील असमान दाबही घातक होय. समजा, दाब 230, 226 व 204 व्होल्ट आहेत. त्यांची सरासरी 220, सर्वाधिक तफावत 16, म्हणजे असमतोल सुमारे 7 टक्के. प्रवाहातील असमतोल याच्या कित्येक पट होतो.

साहित्य व रचना : वाय-फाय असलेली ईएसपी-32 पाटी, पीझेम-004टी जातीचे तीन मापक व त्यांची प्रवाह मोजणारी कडी, मेमरी कार्ड, लहान बॅटरी, फ्यूज, सिमकार्डाचा राउटर व बंद पेटी. प्रत्येक मापकास निराळा क्रमांक द्यावा. दर मिनिटाचा किमान, कमाल व सरासरी आकडा पाठवावा. नेट नसेल तेव्हा तो कार्डावर साठवावा. पाटी व राउटर बॅटरीवर चालावेत, अन्यथा वीज जाताच नोंदही थांबेल.

खबरदारी : हे मापक 260 व्होल्टपर्यंतचेच आहेत. दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. म्हणून मापक फेज व न्यूट्रल यांमध्येच जोडावा. न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार कदापि वापरू नये. जोडणी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

नोंद कशी वाचावी : चालत्या मोटारीची एक फेज तुटली तरी मोटार त्या फेजवर स्वतःच काही दाब निर्माण करते. त्यामुळे केवळ दाब पाहून फसगत होते. एका फेजचा प्रवाह शून्य व उरलेल्या दोहोंचा वाढलेला दिसल्यास फेज तुटली असे समजावे. विजेच्या कडकडाटाने येणारे क्षणिक झटके या मापकात उमटत नाहीत.

हे उपकरण मोटारीचे रक्षण करीत नाही; ओव्हरलोड रिले व सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवेतच. मात्र एका हंगामाच्या नोंदी तारीखवार जोडून अधिकृत मोजणीची लेखी मागणी करता येते. दाद न मिळाल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 42 अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका रोहित्रावरील शेतकऱ्यांना एकत्र करून असे एक उपकरण प्रथम बसवून पाहावे.